तीन घासांचा शिंपला

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शब्द कुठून आला, हे शोधत बसण्याची खोड बहुतेक कवींना असते. मलाही आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, पुढचं आयुष्य कवितेत गेलं आणि जीवशास्त्राशी नातं शाळेतच सुटलं. तरीही गेली काही वर्षं मी समुद्रातल्या एका प्राण्याच्या मागे लागलो आहे, आणि त्याला निमित्त झालं त्याचं नाव. त्याचं शास्त्रीय नाव 'ट्रिडॅक्ना'. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ काय, तर 'तीन घासांचा'.

हे नाव आपल्याला प्लिनी या रोमन लेखकाच्या ग्रंथात भेटतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात जो मरण पावला, तोच हा थोरला प्लिनी. कालवांबद्दल लिहिताना तो सांगतो, की सिकंदराच्या स्वारीबरोबर गेलेल्या लेखकांनी हिंदी समुद्रात फूटभर लांबीची कालवं असल्याची नोंद केली आहे. आणि मग जरा नाक मुरडून तो पुढे म्हणतो, की आपल्याकडेही कुणा उधळ्याच्या पदरच्या माणसानं एका जातीला 'तीन घासांचं' असं नाव दिलं आहे; म्हणजे एवढं मोठं, की एका घासात संपत नाही. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रुगिएर या फ्रेंच शास्त्रज्ञाने तोच शब्द उचलला आणि महाकाय शिंपल्यांच्या प्रजातीला तो कायमचा चिकटवला.

आमच्या कोकणात खाडीच्या वाळूत मिळतात त्या तिसऱ्या. त्या नावातही 'तीन' ऐकू येतं, पण तो योगायोगच समजावा. आपली तिसरी एका घासाचीसुद्धा नसते. आणि प्लिनीचे तीन घास तरी कुठले पुरायला? या कुळातला सर्वांत मोठा जो 'ट्रिडॅक्ना गिगास', तो एका माणसाला तीन घासांतच काय, तीन आठवड्यांतही संपणार नाही. सुमात्राच्या वायव्य किनाऱ्यावर १८१७ च्या सुमारास सापडलेल्या एका गिगासची लांबी १३७ सेंटिमीटर होती आणि नुसत्या दोन शिंपांचं वजन भरलं २३० किलो. इंग्रजीत याला 'जायंट क्लॅम' म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर हा प्राणीच नाही. मी त्याला महाशिंपला म्हणतो.

आपल्याकडे तो का नाही, याचं उत्तर सोपं आहे. त्याला उबदार, उथळ आणि मुख्य म्हणजे नितळ पाणी लागतं. आपल्या खाड्यांमधून पावसाळ्यात लाल मातीचं पाणी समुद्रात उतरतं. ते मासळीला मानवतं, पण महाशिंपल्याला ऊन लागतं. म्हणून त्याचं घर प्रवाळाच्या खडकांवर. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा इथपासून थेट प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत या कुळाच्या डझनभर जाती पसरलेल्या आहेत. त्यात 'मॅक्सिमा' ही जात सर्वांत दूरवर पसरलेली. 'क्रोसिया' ही सर्वांत लहान, वीतभर लांबीची, प्रवाळात स्वतःला कोरून घेणारी. 'स्क्वॅमोसा'च्या शिंपेवर पन्हळीसारखे खवले. आणि गिगासचं राज्य आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफपर्यंत आणि पश्चिम प्रशांतातल्या बेटांपर्यंत. आपल्या देशात महाशिंपले आहेत ते लक्षद्वीपमध्ये आणि अंदमान-निकोबारमध्ये. पण तिथे राहतात ती या कुळातली धाकटी भावंडं.

माणसानं या प्राण्याकडे कसकसं पाहिलं, हा इतिहास मला फार बोलका वाटतो. आधी अर्थातच अन्न म्हणून. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेत पिगाफेटा नावाचा एक इटालियन होता. रोजनिशी लिहिण्याचं त्याचं काम. १५२१ मध्ये बोर्निओच्या परिसरात जहाजं दुरुस्तीला लागली असताना तिथल्या शिंपल्यांची त्याने नोंद केली. एकातून निघालेलं मांस ४४ पौंड भरलं, म्हणजे जवळजवळ वीस किलो. मॅगेलन तोवर मारला गेला होता, खलाशी उपाशीपोटी दिवस काढून आले होते. त्या ४४ पौंडांच्या नोंदीत मला शास्त्र कमी आणि भूक जास्त दिसते.

अन्नाबरोबर अवजार. प्रशांत महासागरातली कितीतरी बेटं नुसत्या प्रवाळाची. तिथे कुऱ्हाडीला लागणारा कठीण दगड मिळत नाही. तिथल्या लोकांनी या शिंपांना घासून पाती केली, त्या पात्यांनी झाडं तासली, होड्या कोरल्या. सॉलोमन बेटांवर जुन्या शिंपांची कडी घडवत. ती दागिना असत आणि पैसाही. लग्न, तह, भरपाई, सगळे व्यवहार त्या कड्यांवर होत.

युरोपात हाच शिंपला देवळात गेला. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याला गिगासची एक जोडी भेट दिली होती. आज ती पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमध्ये आहे. पिगाल या शिल्पकाराने तिच्याखाली संगमरवरी खडकांची बैठक कोरली आणि आत शिरणारे भाविक तिच्यातल्या पवित्र पाण्यात बोटं बुडवू लागले. फ्रेंच भाषेत महाशिंपल्याला शब्दच आहे 'बेनितिए', म्हणजे तीर्थपात्र. पॅरिसमधल्याच सँ-पोल-सँ-लुई चर्चमध्ये अशी एक जोडी व्हिक्टर ह्यूगोने दिलेली आहे. त्याच चर्चमध्ये १८४३ च्या फेब्रुवारीत त्याच्या मुलीचं, लेओपोल्दीनचं लग्न झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती सेन नदीत बुडाली. शिंपा अजून तिथेच आहेत.

शास्त्रीय वर्णनाच्या वाटेवर एक विलक्षण माणूस भेटतो, रुम्फियस. डच कंपनीच्या नोकरीत तो इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर राहिला. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. चारच वर्षांनी भूकंपात बायको आणि मुलगी गेली. तरी हा गृहस्थ शिंपले हातांनी चाचपत, दुसऱ्याकडून लिहवून घेत राहिला. त्याचा शिंपल्यांवरचा ग्रंथ १७०५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी छापला गेला. महाशिंपल्याला त्यात एक नाव आहे, 'बाबा नोहाचा शिंपला'. हे अवजड शिंपले समुद्रापासून दूर डोंगरावर सापडत, मग ते तिथे प्रलयाच्या पाण्यावाचून कसे पोचणार, असा त्या नावामागचा विचार. आम्ही ज्यांना नूह म्हणतो, तेच हे नोहा. खरं कारण असं, की त्या भागातली जमीनच लाखो वर्षांत समुद्रातून वर उचलली गेली आहे. पण एक आंधळा माणूस डोंगरावरचा शिंपला हातात घेऊन पुराचा विचार करतो आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

यानंतर आली ती भीती. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात महाशिंपला 'नरभक्षक' ठरला. पाणबुड्याचा पाय उघड्या शिंपेत पडतो, शिंप मिटते, माणूस बुडतो, अशा गोष्टी साहसकथांमधून आणि सिनेमांतून फिरत राहिल्या. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी असलेल्या जुन्या मार्गदर्शिकेतही अशा पकडीतून सुटायचं कसं, याच्या सूचना होत्या. प्रत्यक्षात असा एकही मृत्यू खात्रीने नोंदलेला नाही. मोठा गिगास अगदी सावकाश मिटतो, आणि त्याचं मांस इतकं बाहेर आलेलं असतं, की पुष्कळदा त्याला पूर्ण मिटताच येत नाही. ज्याला पळता येत नाही आणि धड दारही लावता येत नाही, त्याला आपण राक्षस ठरवलं.

या भीतीची सर्वांत गाजलेली गोष्ट १९३४ सालची, फिलिपाईन्समधल्या पलावान बेटाची. तिथे एका महाशिंपल्यात ६.४ किलो वजनाचा मोती सापडला. विल्बर्न कॉब नावाच्या अमेरिकन माणसाकडे तो आला. त्याच्या सांगण्यानुसार एक पाणबुड्या शिंपेत हात अडकून बुडाला, आणि त्या मोत्यावर मुस्लिम सरदाराला प्रेषितांचा फेटा बांधलेला चेहरा दिसला. म्हणून त्याचं नाव 'अल्लाचा मोती'. माझ्यासारख्या माणसाला इथे थोडं थांबावं लागतं. ज्या परंपरेत प्रेषितांचं चित्र काढत नाहीत, त्या परंपरेच्या नावावर हा चेहरा कसा खपवला गेला असेल? पुढे कॉबनेच चिनी तत्त्वज्ञ लाओ त्झूची नवी दंतकथा जोडली आणि मोत्याचं नाव बदललं. शिंपला तोच, मोती तोच. गिऱ्हाईक बघून गोष्ट बदलली. त्या मोत्याला खऱ्या मोत्याचं पाणीही नाही. चिनी मातीच्या भांड्यासारखा तो नुसता पांढरा आहे.

आणि आता एका शब्दाचा प्रवास, जो आपल्या भूमीवरून सुरू होतो. बौद्ध ग्रंथांत सप्तरत्नं सांगितली आहेत. सोनं, चांदी, वैडूर्य, स्फटिक ही नावं आपल्या ओळखीची. त्यांतच एक नाव येतं मुसारगल्व, पालीत मसारगल्ल. भारतात हे नेमकं कोणतं रत्न समजलं जाई, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण हे ग्रंथ चिनी भाषेत गेले, तेव्हा भाषांतरकारांनी त्या जागी 'छेछू' हा शब्द योजला, आणि छेछू म्हणजे पुढे महाशिंपल्याची शिंप असाच अर्थ पक्का झाला. शिंपल्याला रत्नाचं स्थान मिळालं. छिंग राजवटीत सहाव्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या टोपीवर याच शुभ्र शिंपेचं बटण असे. जपमाळा झाल्या, मूर्ती झाल्या. एका संस्कृत शब्दाच्या भाषांतराने कित्येक शतकांनंतर दूरच्या समुद्रात काय घडवलं, ते पुढे सांगतो.

त्याआधी मुळात हा प्राणी जगतो कसा, ते पाहू. कारण खाणाऱ्याला, भिणाऱ्याला आणि कोरणाऱ्याला, कुणालाच ते माहीत नव्हतं.

१९२८ च्या जुलैत मॉरिस याँग या तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक तुकडी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लो आइल्स या चिमुकल्या बेटावर उतरली आणि वर्षभर तिथे राहिली. त्यांच्यासमोर कोडं होतं. आपले साधे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात. पण प्रवाळाच्या भोवतालचं नितळ पाणी म्हणजे जवळजवळ वाळवंट. त्यात गाळून मिळणार काय? आणि तरीही शिंपल्यांतला सर्वांत मोठा प्राणी वाढतो तो नेमका इथेच. याँगने पाहिलं, की महाशिंपल्याच्या मऊ पाळीत, म्हणजे शिंपेच्या कडेवरून बाहेर पसरणाऱ्या त्या निळ्या-हिरव्या-तपकिरी मांसल झालरीत, अब्जावधी सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतात. त्यासाठी या प्राण्याच्या शरीराची ठेवणच बदलली आहे. इतर शिंपल्यांच्या मानाने त्याची पाळी शिंपेत फिरून वरच्या बाजूला, उन्हाकडे आली आहे. याँगने १९३६ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मते हा शिंपला शेतकरी होता: आपल्या अंगावर शैवालांची लागवड करायची आणि पीक आलं की ते पचवायचं.

पुढे या चित्रात दुरुस्ती झाली, आणि ती करणाऱ्यांत स्वतः याँगही होता. गोरो दांपत्य आणि याँग यांचा १९७३ सालचा निबंध आहे. त्यांनी किरणोत्सर्गी कार्बनचा माग काढला आणि दाखवलं, की शैवाल उन्हात जे अन्न तयार करतात, ते पाझरून थेट शिंपल्याच्या शरीरात जातं. म्हणजे शैवालाला मारून खाण्याची गरज नाही. ते जिवंत राहतात, साखर देतात. शिंपला त्यांना जागा देतो, आपल्या उत्सर्जनातला नायट्रोजन खत म्हणून देतो आणि ऊन देतो. १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: हे शैवाल राहतात ते पोटातून निघून पाळीत फांद्यांसारख्या पसरलेल्या बारीक नळ्यांमध्ये. झाडासारखी रचना, फक्त मांसाची.

मग ते झगझगीत रंग कशासाठी? तेही शोभेसाठी नाहीत. पाळीच्या पृष्ठभागावर चमकणाऱ्या विशेष पेशी असतात. ॲलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की या पेशी कडक ऊन अंगावर घेऊन त्यातला उपयोगाचा प्रकाश आत पसरवतात आणि नको तो परतवतात. आत शैवाल उभ्या स्तंभांसारखे एकावर एक रचलेले असतात. वरचा जळत नाही आणि तळच्यालाही वाटा मिळतो. सौरऊर्जेचे अभियंते आज ही रचना मन लावून पाहत आहेत. पाळीच्या कडेने शेकडो बारीक डोळेही असतात. त्यांना चेहरा दिसत नाही, सावली कळते. एखादा मासा वरून गेला, की झालर आखडते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. महाशिंपला लहानपणी एकदा खडकावर बसला, की जन्मभर तिथेच. गिगास शंभर वर्षंही जगू शकतो. प्रत्येक जण आधी नर असतो, मग मोठा झाला की नर आणि मादी दोन्ही. पण स्वतःचं बीज स्वतःच्या अंड्यांना सहसा मिळू नये, म्हणून तो आधी बीज सोडतो आणि नंतर अंडी. एक मोठा गिगास एका वेळी पन्नास कोटीपर्यंत अंडी सोडू शकतो. हा आकडा ऐकला की वाटतं, याला कसली कमतरता? पण ती अंडी फळायची तर प्रवाहाच्या अंतरावर दुसरा शिंपला हवा. त्याने पाण्यातला संदेश ओळखून त्याच वेळी आपलंही बीज सोडायला हवं. शेजारी नसेल, तर पन्नास कोटी अंडी समुद्रात विरून जातात.

म्हणून या प्राण्याच्या बाबतीत 'अजून आहेत की!' या वाक्याला फारसा अर्थ नाही. एका मैलावर एक, असे दहा शिंपले उरले, तर ते दहाही जिवंत आहेत, दरवर्षी बीज सोडत आहेत आणि तरीही त्यांचा वंश संपलेला आहे. मोजणाऱ्याच्या वहीत दहा. समुद्राच्या हिशेबात शून्य. मरण आधी येतं आणि मृत्यू मागाहून, पन्नास-साठ वर्षांनी.

हे कसं घडतं, त्याचा एक जुना पुरावा तांबड्या समुद्रातला. माझी दादी १९६० च्या दशकात मुंबईहून जहाजाने हजला गेली होती. जेद्दाहची उंच घरं समुद्रातल्या दगडाची आहेत, असं ती सांगायची. ते खरंच होतं. जुनं जेद्दाह प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं आहे. तिचं जहाज ज्या पाण्यावरून गेलं, तिथल्या महाशिंपल्यांवरचा निबंध २००८ मध्ये आला. तिथे एक वेगळीच जात संशोधकांना आढळली. तिचं आजचं मान्य नाव 'स्क्वॅमोसिना'. पुरातन थरांतल्या शिंपा तपासल्या, तर एके काळी तिथल्या महाशिंपल्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त याच जातीचे होते. आज एक टक्काही नाहीत. ही घसरण सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी, आदिमानव त्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी शिंपले वेचू लागला त्या सुमारास सुरू झाली असावी, असं संशोधकांचं म्हणणं आहे. उथळ पाण्यातला, हाताला लागणारा प्राणी आधी संपतो.

पण हाताने वेचणं वेगळं आणि इंजिनाच्या होडीने वेचणं वेगळं. १९६० च्या दशकापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं तैवानच्या बोटी प्रशांत महासागरात दूरदूरच्या खडकांवर जाऊन गिगास उचलत. त्यांना हवा असे तो फक्त शिंप मिटणारा स्नायू. पूर्व आशियात तो महागडा पदार्थ. तेवढा कापून घ्यायचा, बाकी सगळं तिथेच टाकायचं. शंभर वर्षांच्या प्राण्यातला एक तुकडा. फिजी, ग्वाम, न्यू कॅलेडोनिया, सिंगापूर इथून गिगास नाहीसा झाला. १९८३ मध्ये गिगास आणि त्याचा एक भाऊबंद, १९८५ मध्ये सगळं कूळच, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं.

आणि मग मुसारगल्वाची पाळी आली. हस्तिदंताच्या व्यापारावर बंधनं वाढत गेली, तसं चीनमध्ये पांढऱ्या शिंपेच्या कोरीवकामाला सोन्याचा भाव आला. हैनान बेटावरचं तानमेन हे मच्छीमारांचं गाव या धंद्याचं केंद्र झालं. जिवंत शिंपले संपले, तेव्हा प्रवाळात गाडल्या गेलेल्या जुन्या शिंपांसाठी होडीचा पंखाच खडकाला लावून, गोल फिरत प्रवाळाचा भुगा करण्याची पद्धत निघाली. दक्षिण चिनी समुद्रातल्या त्या खडकांवरचे हे वळसे उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले. १२ जुलै २०१६ रोजी हेग इथल्या लवादाने फिलिपाईन्स विरुद्ध चीन या खटल्याचा निकाल दिला. बातम्या झाल्या त्या सागरी हद्दीच्या. पण त्याच निकालात महाशिंपल्यांची ही लूट थांबवण्यात चीनने कसूर केली, असंही नोंदलं आहे. चीनने निकाल मानला नाही. मात्र हैनान प्रांताने १ जानेवारी २०१७ पासून महाशिंपल्यांच्या व्यापारावर बंदी घातली. तरी मागणी संपली नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये फिलिपाईन्सच्या तटरक्षकांनी पलावानजवळ सुमारे दोनशे टन शिंपांचा साठा पकडला. दोनशे टन! २०२४ मध्ये जागतिक लाल यादीत गिगासची नोंद 'असुरक्षित'वरून थेट 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

हा इतिहास इथे संपला असता, तर मी तो तुम्हाला ऐकवला नसता. १९८० च्या दशकात पलाऊ बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात महाशिंपले टाक्यांमध्ये वाढवण्याचं तंत्र बसलं. पिल्लू अंड्यातून निघतं, आठवडाभर पोहतं, मग तळाशी बसतं. आईबापांकडून त्याला शैवाल वारशाने मिळत नाहीत; ते त्याला पाण्यातूनच मिळवावे लागतात. हे सगळं टाकीत जमवून आणलं गेलं. फिलिपाईन्समध्ये एडगार्डो गोमेझ या शास्त्रज्ञाने बोलिनाओ इथल्या केंद्रात बाहेरून आणलेल्या पिल्लांपासून सुरुवात केली आणि तिथून हजारो शिंपले देशभरच्या खडकांवर परत गेले. २०१९ मध्ये गोमेझ वारले. त्यांचे शिंपले आज मोठे होऊन बीज सोडण्याच्या वयाचे आहेत.

पण मला सर्वांत आवडलेला उपाय टोंगातल्या वावाऊ बेटांवरचा, तोही १९८० च्या दशकातला. ना टाक्या, ना यंत्रं. गावकऱ्यांनी ठिकठिकाणचे उरलेसुरले शिंपले गोळा केले आणि उथळ पाण्यात वर्तुळ करून शेजारी शेजारी ठेवले. बस, एवढंच. एकमेकांच्या अंतरावर आणले आणि गावाने राखण केली. ज्याला चालता येत नाही, त्याला शेजारी मिळवून दिले.

आपल्या देशाचं काय? २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही शिंपल्यांची भर पडली. त्यात मॅक्सिमा आणि स्क्वॅमोसा आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच या शिंपल्यांना. आणि मुंबईशी याचा एक धागा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. दीपक आपटे यांनी २००५ पासून लक्षद्वीपमध्ये महाशिंपल्यांचा अभ्यास केला. अगात्ती बेटावर स्थानिक लोकांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम उभं राहिलं, आणि त्याचं मानचिन्ह होतं महाशिंपला. सगळी बेटं मिळून अवघी बत्तीस चौरस किलोमीटर जमीन. तिथल्या माणसांच्या पायाखालची जमीनच प्रवाळाची. तिथे प्रवाळ वाचवणं म्हणजे घराचा पाया वाचवणं.

पण त्याच कामातून एक कठीण बातमीही आली. आपटे आणि सहकाऱ्यांनी चौदा वर्षांच्या नोंदींवर आधारित निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याचा विषयच मुळी असा, की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान वाढतं तेव्हा या शिंपल्यांच्या संख्येवर काय परिणाम होतो. पाणी प्रमाणाबाहेर तापलं, की प्रवाळाप्रमाणे महाशिंपल्याच्या पाळीतलेही शैवाल निघून जातात; रंग जातो, अन्न जातं, प्राणी पांढरा पडत उपाशी मरतो. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. होडीवाल्याला कायद्याने अडवता येतं, दुकानाला टाळं लावता येतं. तापलेल्या पाण्यावर पहारा बसवता येत नाही. त्याची शेगडी तर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.

महाशिंपला आपली शिंप रोज थोडी थोडी वाढवतो आणि प्रत्येक दिवसाची एक सूक्ष्म रेघ तिच्यात उमटते. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी अशा शिंपेतून वादळांच्या नोंदी वाचल्या. काही ठिकाणी तर तासातासांच्या. लाखभर वर्षांपूर्वीच्या शिंपांतून त्या काळचे उन्हाळे-पावसाळे कळतात. म्हणजे ज्याला आपण घास म्हटलं, तीर्थपात्र म्हटलं, राक्षस म्हटलं, रत्न म्हटलं, तो सगळा वेळ जागेवर बसून रोजनिशी लिहीत होता. आमच्या या वर्षांतलं पाणी किती तापलं, हेही तो लिहितोच आहे. ते वाचायला पुढे कुणीतरी असेलच. प्रश्न आहे तो लिहिणारा शिल्लक राहील का, आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर दुसरा कुणी असेल का, हा.